कल्पना सर्वांची, कृती कोणाची?

वाई या गावाचा ‘प्रत’ या शब्दाशी जुना संबंध आहे. पोथीवरून पोथी उतरवून घेणे हे एके काळी येथे विद्येचे आणि पुण्याचेही काम मानले जाई. पुढे नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेने येथेच ज्ञानसंकलनाचे मोठे कार्य केले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाने याच गावी आकार घेतला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. दुसऱ्याची विद्या आपल्या हाताने उतरवून चार जणांपर्यंत पोचविणे, हा या गावाचा जणू कुलाचारच आहे. अशा गावी ‘प्रत करण्याचा अधिकार कोणाचा’ हा प्रश्न परका वाटू नये. मात्र कलेच्या ज्या प्रकाराबाबत तो आज सर्वांत अवघड झाला आहे, तो प्रकार अनेकांना परका वाटतो. त्या प्रकाराला संकल्पनात्मक कला म्हणतात. तिच्यात डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपेक्षा तिच्यामागील कल्पनेला अधिक महत्त्व असते.

या कलेचा आरंभ सांगताना मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताचे नाव प्रथम घेतले जाते. १९१७ साली त्याने दुकानात मिळणारे चिनी मातीचे मूत्रपात्र आडवे ठेवले, त्यावर एका काल्पनिक नावाची सही केली आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे पाठवून दिले. ती मूळ वस्तू पुढे हरवली. उरले ते एक छायाचित्र, आणि १९६४ मध्ये कलावंताच्या संमतीने तयार झालेल्या काही प्रतिकृती. म्हणजे मूळ नाहीसे झाले आणि प्रतच कलाकृती म्हणून संग्रहालयांत बसली. पुढे सोल लविट या अमेरिकन कलावंताने आणखी एक पाऊल टाकले. भिंतीवर रेषा कशा काढायच्या याच्या सूचना तो कागदावर लिहून देई. रेषा काढण्याचे काम दुसरेच कोणी करीत. विकत घेणाऱ्याला भिंत मिळत नसे, प्रमाणपत्र मिळे. भिंत पुसली तरी चित्राची मालकी कायम राही.

येथे कोणीही सुज्ञ वाचक विचारील की, असल्या कलेत चोरण्यासारखे असते तरी काय? प्रश्न रास्त आहे, आणि गंमत अशी की कायदाही जवळजवळ हाच प्रश्न विचारतो.

भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. कल्पनेवर कोणाचीही मालकी नाही, मालकी आहे ती कल्पनेला दिलेल्या रूपावर, हे या कायद्याचे मूलतत्त्व होय. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात ते निःसंदिग्धपणे सांगितले. आनंद यांचे एक नाटक होते. त्याच विषयावर निघालेला चित्रपट आपल्या नाटकावरून चोरला, अशी त्यांची तक्रार होती. विषय एक असला तरी मांडणी वेगळी असेल तर हक्कभंग होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हे तत्त्व योग्यच आहे. एकाची भाकरी दुसऱ्याने खाल्ली तर पहिला उपाशी राहतो. एकाची कल्पना दुसऱ्याने वापरली तर पहिल्याजवळ ती होती तशीच राहते. असल्या वस्तूभोवती कुंपण घालण्यात समाजाचे नुकसानच अधिक. म्हणून कायद्याने कल्पना मोकळी ठेवली आणि रूपाला मर्यादित काळाचे संरक्षण दिले. हे संरक्षण कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते.

परंतु जिथे कल्पना हेच सर्वस्व आणि रूप केवळ निमित्त, तिथे या तत्त्वाने काय उरते? संकल्पनात्मक कलावंताची अडचण नेमकी ही आहे. आपण ज्याला कला म्हणतो ते कायद्याच्या मते मोकळे रान, आणि ज्याला तो कवडीमोल समजतो त्या वस्तूलाच कायदा कवच देतो.

अलीकडच्या एका प्रकरणाने हे जगापुढे ठळकपणे आणले. मॉरिझिओ कातेलान या इटालियन कलावंताने २०१९ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे एक केळे चिकटपट्टीने भिंतीवर लावले. त्याची किंमत एक लाख वीस हजार डॉलर होती. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कृतीची एक प्रत बासष्ट लाख डॉलरना गेली. केळे सडते, ते बदलावे लागते. विकले गेले ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. दरम्यान दुसऱ्या एका कलावंताने, आपण त्यापूर्वीच केळे भिंतीला चिकटविले होते, असा दावा फ्लोरिडातील न्यायालयात लावला. २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. केळे भिंतीवर लावण्याची कल्पना कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही, आणि दोन कृतींच्या तपशिलात पुरेसे साम्य नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

मग बासष्ट लाख डॉलर कशाचे? ते टंचाईचे. कल्पना सर्वांना मोकळी असली तरी ‘ही त्या कलावंताची अधिकृत प्रत’ असे सांगणारा कागद मोजकाच असतो. कायद्याने जे दुर्मीळ केले नाही, ते बाजाराने कागदाच्या जोरावर दुर्मीळ केले. ज्याच्या सहीला जगात पत आहे त्याला हे परवडते. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या चित्रकला शिक्षकाच्या सहीला ही पत कोठून येणार? खरा प्रश्न तेथे आहे.

समजा, वाईच्या एखाद्या घाटावर अशा एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन मांडणशिल्प उभारले. कृष्णेला पूर्वी पाणी कोठवर चढत असे ते दाखविण्यासाठी पायऱ्यांवर मडक्यांच्या रांगा लावल्या, त्यांत दिवे ठेवले, आणि दोन दिवसांनी सारे उचलून घेतले. कोणा छायाचित्रकाराने त्याचे सुंदर छायाचित्र टिपले आणि पुढच्या वर्षी ते एखाद्या दिनदर्शिकेवर झळकले. खाली नाव छायाचित्रकाराचे. शिक्षकाचे नाही, विद्यार्थ्यांचे नाही, मडकी घडविणाऱ्या कुंभाराचे तर नाहीच. यात कोणाचा कोणता हक्क?

कायद्याच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाटन, उत्कीर्णन, छायाचित्र, वास्तुकृती आणि कलात्मक कारागिरी यांचा समावेश आहे. ‘मांडणशिल्प’ हा शब्द त्यात नाही. मडक्यांची रचना शिल्प म्हणून किंवा कारागिरी म्हणून त्यात बसवावी लागेल, आणि वाद झाला तर ते न्यायालयाला पटवावे लागेल. छायाचित्राबाबत मात्र कसलीच संदिग्धता नाही. ते ज्याने काढले तो त्याचा कर्ता. म्हणजे ज्याने दोन महिने विचार केला त्याचा हक्क वादाचा, आणि ज्याने क्षणात कळ दाबली त्याचा हक्क निर्विवाद. शिवाय मडकी उचलल्यावर ती कृती जगात उरते ती त्या छायाचित्रातच. द्युशाँच्या बाबतीत जे घडले तेच येथे घडते. फरक एवढाच की द्युशाँचे नाव राहिले.

कायद्यातच यावर एक साधा उपाय आहे, पण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. मित्राने प्रेमाने फुकट काढलेले छायाचित्र मित्राचे, ठरवून मोबदला देऊन काढवून घेतलेले आपले. प्रेमाच्या व्यवहारात हक्क जातो आणि रोकडीच्या व्यवहारात तो राहतो, हे ऐकायला रुक्ष आहे. पण मोबदल्याची एक पावती आणि दोन ओळींचे पत्र यांनी पुढची भांडणे टळत असतील तर हा रुक्षपणा पत्करण्याजोगा आहे.

याच कलमात आणखी एक बारकावा आहे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राला किंवा चित्राला हा नियम लागू आहे, शिल्पाचा त्यात उल्लेख नाही. एखाद्या खासगी संस्थेने पैसे देऊन शिल्प करून घेतले तरी, लेखी करार नसेल आणि कलावंत तिचा नोकर नसेल, तर वस्तू संस्थेची आणि स्वामित्वहक्क कलावंताचा अशी फाळणी होते. वस्तूची मालकी वेगळी आणि प्रतीचा हक्क वेगळा, ही गोष्ट आपल्याकडील संस्थांच्या गळी अजून उतरलेली नाही.

सातारा जिल्ह्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्प आहे. मूर १९८६ मध्ये निवर्तला, म्हणून भारतीय कायद्याच्या हिशेबाने त्याच्या कृतीवरील हक्क २०४६ अखेरपर्यंत चालतो. मग शाळेच्या सहलीतील विद्यार्थ्याने त्या शिल्पाचे रेखाटन करून वार्षिक अंकात छापले तर गुन्हा होईल काय? होत नाही. जनतेला प्रवेश असलेल्या जागी कायम ठेवलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे यांना कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. मात्र त्याच शिल्पाचा साचा घेऊन प्लॅस्टरच्या मूर्ती विकता येणार नाहीत. संग्रहालयाने आत छायाचित्रणास मनाई केली असेल तर ती पाळावी लागेल, पण ती प्रवेशाची अट झाली, स्वामित्वहक्क नव्हे. उलट त्याच संग्रहालयातील राजा रविवर्मा यांच्या चित्रांवर कोणाचाच हक्क उरलेला नाही, कारण ते १९०६ मध्ये वारले. एकाच छपराखाली असे वेगवेगळे नियम नांदतात, आणि ते सांगणारी पाटी सहसा कोठल्याही संग्रहालयात आढळत नाही.

ही मोकळीक शिल्पाला आहे, भिंतीवरील चित्राला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. चित्रपटात पार्श्वभूमीला सार्वजनिक जागेतील कोणतीही कायम कलाकृती आली तरी चालते. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’सारख्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, तेव्हा घाटासाठी कोणा कलावंताची परवानगी लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण आज रस्त्यावर रंगविलेल्या भित्तिचित्राचे छायाचित्र घेऊन त्याची जाहिरात केली तर गोष्ट वेगळी. मुंबईतील एका भित्तिचित्राचा उपयोग एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातफलकासाठी केला. चित्रकारांच्या बाजूने दावा झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने समाजमाध्यमांवरील संबंधित मजकूर काढून टाकण्याचा अंतरिम आदेश दिला. भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र रस्त्यावर पडलेले नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

प्रतीकडून प्रदर्शनाकडे वळले म्हणजे प्रश्न आणखी नाजूक होतो. आपल्या कायद्यात कलाकृती ‘प्रदर्शित करण्याचा’ हक्क स्वतंत्र नावाने दिलेला नाही. मात्र ‘जनतेला उपलब्ध करणे’ या हक्काच्या व्याख्येत प्रदर्शनाचाही उल्लेख येतो. म्हणून विकत घेतलेले मांडणशिल्प आपण हवे तेव्हा, हवे तसे, हवे तेथे मांडू, असे संस्थांनी गृहीत धरणे शहाणपणाचे नाही. शिवाय कलम ५७ ने कलावंताला दोन नैतिक हक्क दिले आहेत. कृतीला आपले नाव लागावे हा पहिला, आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशी तिची मोडतोड होऊ नये हा दुसरा. हक्क विकले तरी हे दोन हक्क राहतात. कृती मुळीच मांडली नाही, किंवा कलावंताच्या मनासारखी मांडली नाही, तर तेवढ्याने हे हक्क मोडत नाहीत, असेही कायदा सांगतो. चित्राला हे ठीक आहे. ज्या कृतीचा प्राणच मांडणीत आहे तिच्याबाबतीत ‘मनासारखी न मांडणे’ आणि ‘मोडतोड करणे’ यांच्यामधली रेषा कोठे काढायची?

न्यायालयांनी ही रेषा दोन्हीकडे ओढलेली दिसते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. पुढे वास्तुविशारद राज रेवाल यांनी रचलेली दिल्लीच्या प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही इमारत २०१७ मध्ये पाडली गेली. त्यांचा दावा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. मालकाला स्वतःच्या जागेवरील इमारत संपूर्ण पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही, असे तेथे ठरले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर कलावंताने सर्वस्वी न्यायालयावर भिस्त ठेवू नये, एवढे निश्चित होते. पहिल्या प्रकरणात तर शिल्प काढल्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षे गेली.

या विषयाला दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे होईल. संकल्पनात्मक कलावंत स्वतः इतरांकडून भरपूर घेतो. दुकानातली वस्तू, कोणाचे जुने पत्र, वर्तमानपत्राचे कात्रण हाच त्याचा कच्चा माल. मुंबईचे कलावंत जितीश कल्लाट यांनी २०१२ मध्ये गांधीजींनी १९३९ साली हिटलरला लिहिलेले पत्र धुक्याच्या पडद्यावर प्रकाशाने उमटविले. प्रेक्षक त्या अक्षरांतून चालत पलीकडे जातो. २०१९ च्या व्हेनिस येथील प्रदर्शनात भारताच्या दालनात ही कृती होती. गांधीजींच्या लेखनाचा स्वामित्वहक्क नवजीवन ट्रस्टकडे होता आणि तो २००८ अखेर संपला. शब्द सर्वांचे झाले होते, म्हणून धुक्यावर उमटले. हक्कांना अंत असतो म्हणूनच नव्या कलेला जागा मिळते. उद्या कोणी धुके आणि प्रकाश यांच्यावरच मालकी सांगू लागला तर पुढच्या कलावंतापुढे भिंत उभी राहील.

हात कोणाचा आणि मन कोणाचे, हाही वाद आहेच. कातेलानच्या मेणाच्या आकृती घडविणाऱ्या दानिएल द्रुए या फ्रेंच कारागिराने त्यांच्या कर्तृत्वावर हक्क सांगितला. २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात त्याचा दावा टिकला नाही, कारण त्याने कलादालन आणि संग्रहालय यांच्यावर दावा लावला होता, प्रत्यक्ष कलावंतावर नाही. मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. घाटावरच्या मडक्यांच्या कुंभारालाही तो लागू पडतो. ज्याला आपली कल्पना दुसऱ्याने नावाशिवाय वापरलेली खपत नाही, त्याने आपल्या कारागिराचे नाव फलकावर लिहायला हवे.

मग सामान्य शिक्षकाने, ग्रंथपालाने, मंडळाच्या चिटणिसाने काय करावे? वर्गात शिकविताना चित्राची प्रत दाखविणे, प्रश्नपत्रिकेत ती छापणे, परीक्षणासाठी वाजवी प्रमाणात तिचा उपयोग करणे यांना कायद्याने मोकळीक आहे. तेथे भिण्याचे कारण नाही, आणि भीतीपोटी विद्यार्थ्यांना आधुनिक कला न दाखविणे हे त्यांचे नुकसान आहे. वर्गाबाहेर मात्र, दिनदर्शिका, स्मरणिका, फलक किंवा विक्रीची वस्तू यांसाठी कलावंताची लेखी संमती घ्यावी. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशीच व्हावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता समजतात. मांडणशिल्पासाठी याशिवाय तीन गोष्टी कागदावर असाव्यात. कृती पुन्हा मांडायची झाल्यास कशी, वस्तू मोडली किंवा सडली तर बदलायची कोणी, आणि छायाचित्रे कोणी वापरायची. लविटच्या प्रमाणपत्राचे हे देशी रूप होईल. बाजार त्याला लाखो देणार नाही, पण त्याने नाव राखले जाईल.

सार्वजनिक संस्थांवर याहून मोठी जबाबदारी आहे. शासकीय प्रकाशनावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. त्या हिशेबाने विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड २०३६ अखेरपर्यंत शासनाच्या स्वामित्वात आहे. जनतेच्या पैशाने झालेल्या ज्ञानाला आणि मुदत संपलेल्या चित्रांना मोकळे करताना शासनाने मुदतीची वाट पाहिलीच पाहिजे असे नाही. संग्रहालयांनी प्रत्येक कृतीखाली कलावंताचे नाव आणि हक्काची स्थिती लिहिली तर औंधला आलेल्या शिक्षकाला वकील गाठावा लागणार नाही.

कायदा येण्यापूर्वीही आपल्याकडे या बाबतीत एक सभ्य रीत होती. संतांचे अभंग गावोगाव लोकांनी उतरवून घेतले, गायले, त्यांत पाठभेदही केले. कोणी परवानगी मागितली नाही. पण अभंगाच्या अखेरीची नाममुद्रा सहसा कोणी पुसली नाही. पोथी उतरविणारा लेखक शेवटी आपले नाव, गाव आणि तिथी लिही, आणि ग्रंथकर्त्याचे नाव त्याहून वेगळे ठेवी. प्रत मोकळी आणि नाव अबाधित, असा तो व्यवहार होता. आजच्या बाजारात केवळ त्यावर भागणार नाही, कलावंताला पोटही आहे. तथापि नाव राखण्याला खर्च येत नाही, न्यायालय लागत नाही आणि कायद्यात दुरुस्तीही करावी लागत नाही. घाटावरची मडकी उचलली गेल्यानंतर छायाचित्राखाली शिक्षकाचे, विद्यार्थ्यांचे आणि कुंभाराचे नाव छापले जाईल की नाही, हे दिनदर्शिका छापणारा आणि ती विकत घेऊन भिंतीवर लावणारा या दोघांनी ठरवायचे आहे.